चित्ता आणि चित्र

‘सफारी’ हा शब्द आमच्या उदगिरात शिंप्याच्या दुकानातून आला. एक काळ असा होता की नवऱ्या मुलाला सफारी शिवल्याशिवाय लग्न उभे राहत नसे. राखाडी किंवा बदामी रंग, चार खिसे, सदरा आणि विजार एकाच कापडाची, गळ्यात झेंडूचा हार. असे फोटो अजून कित्येक घरांच्या भिंतींवर आहेत. तेव्हा मी सफारीला निघालो आहे हे ऐकून आमच्या गल्लीतील एका वृद्ध गृहस्थांनी “ह्या वयात कशाला शिवता?” असे विचारले, यात त्यांचा काही दोष नाही.

शब्दाचे मूळ पाहू गेले तर तो आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि येथे स्त्रीलिंगी झाला. तोच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागला आणि स्वाहिलीत ‘सफारी’ झाला. अर्थ दोहींकडे एकच, प्रवास. १९४८ पर्यंत आमच्याकडे निजामाचे राज्य होते, उदगीर बीदर जिल्ह्यात होते आणि वडिलांच्या पिढीचे शिक्षण उर्दूत झाले होते. ते कचेरीच्या कामाला बीदरला जाऊन आले तरी ‘सफर’ करून येत. जनावरे पाहणे हा अर्थ या शब्दाला साहेबाने चिकटवला. आणि त्याच्याही आधी जनावरे मारणे हा.

माझी मुलगी काही वर्षे नैरोबीला नोकरीत होती. तिच्या आग्रहावरून मी तिकडे गेलो आणि मसाई मारा येथे आम्ही तीन दिवस काढले. निघण्यापूर्वी आमचे शेत वाट्याने करणारे गृहस्थ भेटायला आले होते. इतक्या लांब जाऊन काय करणार, असे त्यांनी विचारले. हरणे, सिंह, चित्ते पाहणार, फोटो काढणार, असे मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “गुरुजी, हरणं बघाया येवढं लांब कशाला? आपल्या शिवारात रोज सांजच्याला हायेत की. हरभरा खायलालेत. बघा, अन् जमलं तर संगं घेऊन जावा.”

त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण थट्टेपेक्षा जास्तही काही होते. देवर्जनच्या रस्त्याला पहाटे गेले तर काळविटांचा कळप आजही दिसतो. काळ्या रानावरून तो धावू लागला म्हणजे जमीनच उसळ्या घेते आहे असे वाटते. मला ते दृश्य सुंदर वाटते, त्यांना ते नुकसान वाटते. आम्ही दोघे एकाच बांधावर उभे असतो आणि दोघांचेही खरे असते. फरक इतकाच की, त्यांच्या पाहण्याला किंमत पडते आणि माझे पाहणे फुकट असते. फुकट पाहणाऱ्याने आपल्या पाहण्याचा थोडा हिशेब करावा, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले.

आपल्याकडे हिंसेचा विचार फार बारकाईने झालेला आहे. मारणे, खाणे, बांधणे, जुंपणे, डागणे या सगळ्यांचा झाला. पाहण्याचा मात्र झालेला दिसत नाही. पाहिल्याने कोणाचे काय जाते? देवाच्या दारी जाऊन आपण दर्शनच घेतो, आणि घेतले तरी तेथले काही कमी होत नाही. तरीही आपल्या आया-आज्यांनी हा प्रश्न इतका सोपा मानला नव्हता. तान्ह्या मुलाच्या गालाला त्या काजळाची तीट लावीत, कारण पाहण्यानेही काही बिघडते, आणि तेही कौतुकाने पाहण्याने, असे त्यांना वाटे. वैऱ्याच्या नजरेपेक्षा कौतुकाची नजर अधिक लागते हे त्यांचे मत शिकलेल्या माणसांनी हसण्यावारी नेले. मीही वर्गात मुलांना दृष्टीच्या खुळाबद्दल बरेच ऐकवलेले आहे, आणि ते खूळ आहे असे आजही म्हणतो. पण त्यामागची शंका खुळी नव्हती.

आणि भाषा पाहा. मराठीत फोटो ‘काढतात’. विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात, उसने पैसे काढतात. काढायचे म्हटले की ते कशातून तरी, कोणाकडून तरी काढावे लागते. इंग्रजी तर याहून उघड आहे. बंदूक आणि कॅमेरा या दोहोंना तेथे एकच क्रियापद चालते, आणि आपण ते ‘शूट’ म्हणून जसेच्या तसे उचलले.

हे नाते नुसते शब्दाचे नाही. निजामाच्या राज्यात राहिलेल्या माणसाला तर ते सहज दिसावे. सहावे निजाम महबूब अली खान यांचा शिकारीचा शौक प्रसिद्ध होता, आणि त्यांच्या दरबारी लाला दीन दयाळ यांच्यासारखा छायाचित्रकार होता. निजामाने त्यांना ‘राजा’ केले, ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन वरंगळकडे नेकोंड्याच्या छावणीत शिकारीला आले, तेव्हाचे दीन दयाळांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असेल. लॉर्डसाहेब आणि त्यांच्या पत्नी उभ्या आहेत आणि पुढ्यात मेलेला वाघ आहे. शिकार वाघाची खरी, पण छायाचित्र काही वाघाचे नव्हे. ते कर्झनचे आहे.

दुसरे एक छायाचित्र मला याहून अस्वस्थ करते. आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानच्या राजाने १९४७ मध्ये एका रात्री गाडीच्या दिव्यांच्या झोतात सापडलेले तीन चित्ते मारले. हिंदुस्थानात मारल्याची नोंद असलेले हे शेवटचे चित्ते, असे मानतात. या प्रकाराचा वृत्तांत आणि छायाचित्र मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे मोठ्या अभिमानाने पाठवण्यात आले. संपादकांना त्याची इतकी किळस आली की त्यांनी तसे छापूनच टाकले. चित्रात तीन चित्ते ओळीने निजवलेले आहेत आणि मागे बंदूक घेतलेला राजा आहे. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. चित्ता हे नाव संस्कृतातल्या ‘चित्रक’वरून आले. ज्याच्या अंगावर चित्रे आहेत तो चित्ता. तो गेला आणि त्याचे हे असे चित्र राहिले.

मग २०२२ साल उजाडले. १७ सप्टेंबरला नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडण्यात आले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. पहिल्या चित्त्यांना पिंजऱ्यातून सोडल्यावर पंतप्रधानांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांची छायाचित्रे घेतली. राजाच्या हातातली बंदूक जाऊन राज्यकर्त्याच्या हातात कॅमेरा यायला पंचाहत्तर वर्षे लागली. ही सुधारणा नव्हे, असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. फोटो काढून झाल्यावर चित्ता चालत निघून जातो, एवढा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांना पुरून उरतो.

ही वाट ज्यांनी पाडली त्यांत एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे नाव मोठे आहे. संयुक्त प्रांतातला हा वनाधिकारी शिकारीला विटला होता. जंगलातल्या पायवाटेवर तो तार ताणून ठेवी. रात्री वाघ त्या वाटेने आला की त्याच्याच पायाने तार ओढली जाई, उजेडाचा लोळ उठे आणि चित्र उमटे. १९२७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले, आणि जिम कॉर्बेटने बंदूक खाली ठेवून कॅमेरा घेतला त्यामागे चॅम्पियनची प्रेरणा होती. ऐन मध्यरात्री डोळ्यांपुढे वीज चमकावी हे वाघाला रुचले असेल असे नाही. त्याची परवानगी कोणी विचारली नव्हती. पण त्या वाटेवर माणूस नव्हता. वाघ दचकला असेल आणि आपल्या वाटेने गेला असेल. चॅम्पियनला वाघाला पाहण्याची हौस नव्हती; वाघ जसा एकटा असतो तसा तो उमटावा एवढीच त्याची इच्छा होती. या दोन इच्छा मला फार वेगळ्या वाटतात, आणि मारातल्या दुसऱ्या दिवशी मला त्यांतला फरक समोर दिसला.

सकाळचे नऊ वाजले असतील. गवत गुडघाभर, पिकलेल्या ज्वारीच्या रंगाचे. आमच्या मसाई चालकाने गाडी थांबवली आणि हनुवटीने दाखवले. वारुळाच्या उंचवट्यावर एक चित्त्याची मादी बसली होती, आणि खाली गवतात दोन पिल्ले होती. पिल्लांच्या पाठीवर राखाडी केसांची आयाळ होती. मादीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा उतरलेल्या होत्या, काजळ ओघळावे तशा. मला तीट आठवली.

आमची गाडी तिसरी होती. तेथला नियम असा की एका जनावराजवळ पाचांहून अधिक गाड्या असू नयेत आणि पंचवीस मीटरच्या आत जाऊ नये. म्हणजे नियमाप्रमाणे आम्ही निर्दोष होतो. पण माळरानावर तीन गाड्या एका जागी थांबल्या की त्या दोन कोसांवरून दिसतात. शिवाय चालकांपाशी बिनतारी यंत्रे असतात. अर्ध्या तासात अकरा गाड्या झाल्या. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी उतरले नाही. सगळे सभ्य होते आणि सगळ्यांचे डोळे कौतुकाने भरून आलेले होते.

सिंह दिवसा झोपा काढतो. त्याच्याभोवती पन्नास गाड्या उभ्या राहिल्या तरी तो कूस बदलून पुन्हा झोपतो. चित्त्याचे तसे नाही. सिंह आणि तरस यांना टाळायचे म्हणून तो दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका माणसांच्या वेळेत. त्याची धाव काहीशे मीटरांची. तेवढ्यात साधले तर साधले, नाही तर धापा टाकीत बसायचे आणि पुन्हा अंगात बळ यायची वाट पाहायची. मादीने पलीकडे चरणारी हरणे हेरली, उतरली आणि पोट जमिनीला लावून निघाली. तिच्याबरोबर गाड्याही हलल्या. प्रत्येकाला ती धाव समोरून हवी होती. एका गाडीचे यंत्र घरघरले, हरणांनी माना वर केल्या, आणि ती जागीच थांबली. थोडा वेळ उभी राहिली, मग पिल्लांकडे परत आली. दोन्ही पिल्ले तिच्या तोंडाजवळ नाके नेऊन हुंगू लागली.

मुलीने त्या वेळी काढलेले छायाचित्र अप्रतिम आहे. पिवळ्या गवतात ती उभी आहे, नजर दूर लागलेली, मागे निळसर टेकड्या. एकही गाडी नाही, एकही माणूस नाही. पाहणाऱ्याला वाटावे की सृष्टीच्या पहिल्या दिवसाची सकाळ असावी. आजूबाजूच्या दहाही गाड्यांतून अशीच चित्रे निघाली असणार, आणि प्रत्येक चित्रात ती अशीच एकटी असणार.

माझी अडचण येथे सुरू होते. कर्झनच्या चित्रात कर्झन आहे. कोरियाच्या राजाच्या चित्रात बंदुकीसह राजा आहे. ती चित्रे निर्लज्ज आहेत, पण कृत्य आणि कर्ता दोन्ही एका चौकटीत आहेत. शंभर वर्षांनी पाहणाऱ्याला कोणी काय केले हे विचारावे लागत नाही. आपल्या चित्रातून कर्ता कापून काढलेला असतो. आपण तेथे होतो आणि नव्हतो, असे ते चित्र सांगते. आणि फक्त आपणच कापले जात नाही. मसाई लोक पिढ्यान्‌पिढ्या या कुरणांत गुरे चारीत आले. पलीकडे सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा १९५९ मध्ये तेथून त्यांना उठवण्यात आले. त्यांची गुरे, त्यांच्या वाड्या कोणाच्याही चित्त्याच्या चित्रात नसतात. आपल्या ताडोब्याचेही तेच. ‘ताडोबा’ हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून आले. वाघाशी झालेल्या झुंजीत तो गेला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. म्हणजे ज्या लोकांनी वाघ आणि माणूस एका चौकटीत ठेवले, त्यांचीच कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली. ती उठवणे योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे आणि तो येथे संपणारा नाही. मी म्हणतो ते इतकेच, की निर्मनुष्य अरण्य हे पुष्कळदा माणसानेच केलेले असते, आणि आपल्या चित्रांना ते तसे आवडते.

मुलीला माझे हे बोलणे पटले नाही. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही पैसे भरून येथे आलात म्हणून हे रान आहे. नाही तर येथे गहू पेरला असता. आपल्या चालकाची दोन मुले याच पैशावर शाळेत जातात. आणि ज्या मुलांना आयुष्यात कधी आफ्रिका दिसणार नाही, त्यांना चित्ता कशावरून कळणार? फोटोवरूनच ना?”

यातला एकही शब्द खोटा नाही. उलट, कोणी पाहायला येत नाही त्या जनावरांची गत मी जाणतो. माळढोक हा आमच्या बाजूच्या माळांचा पक्षी. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले. वाघाला जितकी माणसे पाहायला जातात त्यांचा शंभरावा हिस्साही तेथे कधी गेला नसेल. त्या पक्ष्याला कोणी पाहून छळले नाही, आणि तरीही तो आपल्या डोळ्यांदेखत संपत आला. न पाहणे म्हणजे दया असे मुळीच नव्हे. पुष्कळदा ती नुसती बेपर्वाई असते.

पण मुलीच्या म्हणण्यात एक चलाखी आहे, आणि ती तिची नव्हे, आपणा सर्वांची आहे. पाहणाऱ्यांमुळे रान वाचते हे सगळ्यांना मिळून खरे आहे, एकेकट्याला नाही. अकराव्या गाडीने कोणते रान वाचले? अकराव्या गाडीतला माणूस पैसे नैरोबीतच भरून आला होता. तो दोन कोस दूर राहून झेब्रे पाहत बसला असता तरी रानाला मिळायचे ते मिळाले असते. एकत्रित पुण्य दाखवून त्यातून आपले एकट्याचे सुख वजा करून घ्यायचे, हा हिशेब सावकाराच्या वहीत शोभेल.

आणि किंमत कोण देते? २०१८ मध्ये मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे पर्यटक विरळ, तेथे एका मादीच्या एका वेतातली सरासरी २.३२ पिल्ले वाढून स्वतंत्र झाली. जेथे पर्यटकांची दाटी, तेथे ०.२१. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू. कोणी त्या पिल्लांवर गाडी घातली नव्हती, कोणी दगड मारला नव्हता. शिकार हुकते, आई आणि पिल्ले यांची ताटातूट होते, खाणे अर्धवट टाकून उठावे लागते. अशी काही कारणे असावीत असा तर्क आहे. सगळ्यांनी फक्त पाहिले होते. दृष्ट लागते म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना हे आकडे दाखवले असते तर त्यांना काहीच नवल वाटले नसते.

आमच्याकडे श्रावणात सोमवारची कहाणी वाचतात, खुलभर दुधाची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. त्याने गावातले सगळे दूध देवळात आणवले. लोकांनी पोरांना दिले नाही, वासरांना दिले नाही, सगळे देवाला घातले, गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या मुलांना, गाईच्या वासरांना पोटभर पाजले आणि उरले ते खुलभर दूध आणून वाहिले. गाभारा भरला. लहानपणापासून ही कहाणी ऐकत आलो आहे, आणि भक्तीपेक्षा तिच्यातला क्रम मला मोलाचा वाटत आला आहे. म्हातारीने देवाला नाकारले नाही. तिने फक्त वासरू आधी आणि देव मागून, असा क्रम लावला. चित्त्याच्या त्या उंचवट्याभोवती आम्ही सगळे भाविक होतो. चुकत होता तो क्रम.

हे सगळे आफ्रिकेचे, असे कोणी म्हणेल, म्हणून घरचे उदाहरण देतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर-भंडाऱ्याकडच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून-मागून तिची वाट अडवली. वाघीण आणि बछडी गाड्यांच्या मध्ये सापडली. चालक आणि वाटाडे यांच्यावर कारवाई झाली, दंड झाले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. पण न्यायालयापर्यंत हे गेले कसे? चित्रांमुळेच. कोणीतरी घेतलेल्या चित्रफितीत वाघिणीबरोबर गाड्याही आल्या होत्या. त्या दिवशी तेथे घेतलेल्या सुंदर, निर्मनुष्य चित्रांचा वाघिणीला काही उपयोग झाला नाही. जे चित्र फोटो म्हणून बिघडले होते तेच तिच्या कामी आले.

मला वाटते, कॅमेरा टाकून द्या असे म्हणण्याची गरज नाही, आणि कोणी म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. चॅम्पियनच्या ताणलेल्या तारेचे पुढे यंत्र झाले. आज झाडाच्या बुंध्याला डबी बांधून ठेवतात; समोरून जनावर गेले की ती आपोआप चित्र घेते. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यावरून वाघ मोजतात. २०१८च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी अशी यंत्रे लावली होती. ३,४८,५८,६२३ चित्रे निघाली आणि त्यांत वाघाची निघाली ७६,६५१. उरलेली जवळजवळ साडेतीन कोटी चित्रे दुसऱ्या जनावरांची. हे प्रमाण मला फार आवडते. रान खरोखर असे असते. आपल्या भिंतीवर टांगलेल्या चित्रांतून मात्र असे वाटते की रानात फक्त वाघच असतात आणि ते सारखे आपल्याकडे पाहत असतात.

डिसेंबर २०२४ मध्येच धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात अशाच एका डबीत वाघ उमटला. आमच्या मराठवाड्याच्या त्या टोकाला वाघ म्हणजे आजोबांच्या गोष्टीतली वस्तू. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळले की तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा आहे. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून तो आला होता. नकाशा पसरून पाहा. टिपेश्वर आणि येडशी यांच्यामध्ये आमचाच मुलूख आहे. नांदेड, परभणी, लातूर, कोठून तरी तो गेलाच असेल. तुरीतून गेला असेल, उसातून गेला असेल, रात्री रेल्वेचे रूळ ओलांडले असतील. आम्ही अंथरुणात होतो. त्याला कोणी पाहिले नाही म्हणून तो पोहोचला, असे मी अगदी खात्रीने म्हणतो. वाटेत एकाने जरी पाहिले असते तरी दुसऱ्या दिवशी त्या उसाभोवती पाचशे माणसे आणि पाचशे मोबाइल उभे राहिले असते. पुढे बार्शीच्या बाजूला त्याने गुरे मारली, लोक धास्तावले, त्याला बेशुद्ध करून दुसरीकडे न्यावे म्हणून पथके आली आणि आठवडेच्या आठवडे रान तुडवीत राहिली. गुरे गेली त्यांची भीती खरी होती, तिची थट्टा करण्याचा अधिकार गावात राहणाऱ्या मला नाही. पण तो हाती लागत नाही हे वर्तमानपत्रात वाचून मनातल्या मनात बरे वाटणारे पुष्कळ लोक मला आमच्या गावात भेटले. त्यांना वाघ पाहायचा नव्हता. तो आहे, एवढे त्यांना पुरत होते.

वारीत गेलेल्या माणसाला गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाता आले नाही तर तो कळसाला हात जोडतो आणि परत फिरतो. वारी फुकट गेली असे तो म्हणत नाही. ताडोब्याच्या फाटकातून परत येणाऱ्या गाड्यांतले चेहरे ज्यांनी पाहिले असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तीन तास साग आणि बांबू, एक तळे, मोर, चितळांचा कळप, रेतीत उमटलेला ताजा माग एवढे मिळूनही “काही दिसले नाही” असे सांगत लोक उतरतात. वाटाड्याला बक्षिसी देताना हात आखडतो. मग तो गरीब माणूस दुसऱ्या दिवशी गाडी दहा हात आणखी पुढे घ्यायला लावतो. उमरेडच्या त्या चालकांना दंड झाला तो योग्यच. पण दंडाच्या पावतीवर मागच्या बाकावर बसलेल्यांची नावे नव्हती.

मुलीने ते चित्त्याचे चित्र मोठे करून, चौकट लावून मला पाठवले. मी तिला विचारले की, निघताना तू मोबाइलवर सहज एक फोटो काढला होतास, तो आहे का? तो होता. जरा हललेला आहे, वर अर्धे आभाळच आहे. आता बैठकीत तो लावला आहे. दुसरा आतल्या खोलीत आहे. परवा वाटेकरी राशीच्या हिशेबाला आले होते. चहा येईपर्यंत ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि बोटाने एकेक गाडी मोजू लागले.

“अकरा,” ते म्हणाले. “अन् ह्यात जनावर कुठं हाय, गुरुजी?”

मी उठून नखाने दाखवले. उंचवट्यावर तिळाएवढा एक ठिपका आहे. ते बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले.

“एकटीच हाय व्हय?”

“दोन पिल्लं आहेत,” मी म्हणालो. “गवतात.”